धान, कागद आणि पैसा : कामाचा नकाशा काढणाऱ्यांसाठी प्रस्तावना

कडपा वाळल्या, पुंजणी लागली, धान चुरून विकून झाले की त्याच्या पैशांचा, म्हणजे चुकाऱ्यांचा, एकच प्रश्न गोंदिया जिल्ह्यात गावोगाव फिरू लागतो : "चुकारे आले का?" पारावर तोच प्रश्न, एसटीत तोच, लग्नाच्या पंगतीतही तोच. खरेदी केंद्रावरचा माणूस सांगतो, "आम्ही यादी वर पाठवली." वरचा सांगतो, "निधी आला की लगेच." बँकेतला सांगतो, "यादीतलं नाव अन् खात्यावरचं नाव जुळत नाही." तिघेही खरे बोलत असतात. तरी विचारणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, कारण त्याच्या प्रश्नाचे पुरे उत्तर तिघांपैकी एकाकडेही नसते. ते तिघांच्या मधल्या जागेत पडलेले असते आणि त्या जागेवर कुणाची खुर्ची नसते.

हे पुस्तक त्या मधल्या जागेबद्दल आहे. कंपन्यांच्या भाषेत या विद्येला 'बिझनेस प्रोसेस मॉडेलिंग' म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम साधे आहे : एखादे काम कुठून सुरू होते, कुणाकुणाच्या हातून जाते, कुठे फाटा फुटतो, कुठे अडते आणि कुठे संपते, हे एका कागदावर असे काढायचे की काम करणारा आणि काम करून घेणारा दोघांनाही ते सारखेच वाचता यावे. आपण त्याला 'कामाचा नकाशा' म्हणू. हा नकाशा शिकवणारी बहुतेक पुस्तके विमानाचे तिकीट, विम्याचा दावा, ऑनलाइन मागवलेला बूट अशी उदाहरणे घेतात. इथे संस्थेचा सचिव, राईस मिलचा मुनीम, ग्रामसभेचा हिशेबनीस आणि पंचायत समितीतला लिपिक हे वाचक डोळ्यांपुढे आहेत, म्हणून उदाहरण धानाचे घेतले आहे. जिल्ह्यात त्याहून मोठा आणि त्याहून गुंतागुंतीचा व्यवहार दुसरा नाही.

आधी तो व्यवहार पाहू. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा मुख्यतः धान पिकवतो. केंद्र सरकार दर हंगामाला आधारभूत किंमत जाहीर करते. २०२५-२६ साठी ती साधारण धानाला क्विंटलमागे २,३६९ रुपये आणि 'अ' दर्जाला २,३८९ रुपये होती. या किमतीने खरेदी होते ती महाराष्ट्र राज्य सहकारी पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळ या दोन यंत्रणांमार्फत, आणि प्रत्यक्ष काट्यावर बहुधा गावची किंवा परिसरातली सहकारी संस्था उभी असते. घेतलेले धान भरडाईसाठी मिलकडे जाते, तांदूळ होऊन सरकारी गोदामात येतो आणि तिथून रेशन दुकानात.

एवढे सांगितले की ऐकणाऱ्याला वाटते, झाला नकाशा. चौकोन काढा, बाण जोडा. इथेच पहिली चूक होते, कारण वर सांगितली ती फक्त धानाची वाट. या व्यवहारात एक नाही, तीन गोष्टी चालत असतात : धान, कागद आणि पैसा. धान बांधीतून खळ्यावर, खळ्यावरून काट्यावर, चाळीस किलोच्या पोत्यातून गोदामात जाते. कागद वेगळ्या वाटेने जातो : सातबारा, त्यावरची पीकनोंद, आधार, बँकेचे पासबुक, नोंदणी, मोजमापाची पावती, यादी. पैसा उलट्या दिशेने येतो, वरून खाली. धानाचा वेग ट्रॅक्टरचा, कागदाचा वेग नेटवर्कचा आणि पैशाचा वेग मंजुरीचा. तिघांनी एकमेकांना गाठले तरच चुकारा होतो. एकजण जरी मागे राहिला तर बाकी दोघे पोचूनही उपयोग नाही.

हे ध्यानात आले की गोष्टी उलगडू लागतात. सातबारा वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे, वारसाची नोंद झालेली नाही, धान मुलाने पिकवले आहे : धान पोचले, कागद नाही पोचला. जमीन ठेक्याने किंवा बटईने केली आहे, पिकवणारा एक आणि सातबाऱ्यावरचा दुसरा : कागद पोचला, पण तो भलत्याच माणसाकडे पैसा नेणार. ई-पीक पाहणीत, म्हणजे १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या मोबाइलवरच्या पीकनोंदीत, शेतकऱ्याने धान नोंदवलेच नाही : पावसाळ्यात राहून गेलेले काम डिसेंबरात काट्यापुढे येऊन उभे राहते. नकाशा काट्यापासून सुरू केला तर यातले काहीच त्यात दिसणार नाही. म्हणून या पुस्तकाचा पहिला नियम : काढण्याआधी सुरुवात आणि शेवट ठरवा, आणि ती दोन्ही ज्याच्यासाठी काम चालले आहे त्याच्या बाजूने ठरवा. संस्थेच्या लेखी काम मोजमापापासून सुरू होते आणि यादी पाठवली की संपते. शेतकऱ्याच्या लेखी ते पीकनोंदीपासून सुरू होते आणि खात्यात पैसे पडले की संपते. पहिला नकाशा काढायला सोपा आहे, पण प्रश्न सुटतो तो दुसऱ्याने.

दुसरा नियम : आहे ते आधी, हवे ते नंतर. माणूस नकाशा काढायला बसला की नकळत परिपत्रक काढू लागतो. ओलाव्याचे उदाहरण घ्या. धानात १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. परिपत्रकाच्या नकाशात इथे एक चौकट तिरकी उभी राहते : ओलावा १७ च्या आत? हो असेल तर घ्या, नाही तर परत. प्रत्यक्षात धान भरून वीस किलोमीटर आलेला शेतकरी परत जात नाही. भाड्याच्या ट्रॅक्टरचे पैसे दोनदा कोण देणार? तो केंद्राच्या आवारातच ताडपत्री पसरतो, धान उन्हाला घालतो, रात्री राखण करतो आणि दोन दिवसांनी पुन्हा काट्यापुढे येतो. ही तिसरी वाट कुठल्याही कागदावर नाही आणि हंगामाच्या सुरुवातीला कितीतरी धान तिच्यावरूनच जाते. ती नकाशात आली की लगेच नवे प्रश्न सुचतात : आवारात वाळवायला जागा किती? पाऊस आला तर? पुन्हा आलेल्याला नंबर पहिला की शेवटचा? अपवाद म्हणून ज्याला आपण समासात ढकलतो, तोच पुष्कळदा खरा व्यवहार असतो. म्हणून पुस्तकात वारंवार सांगितले आहे की खुर्चीवर बसून नकाशा काढू नका, एका पोत्याच्या मागे चाला.

पोत्याच्या मागे चालत गेलात की गोदामात एक गंमत भेटते. समजा, शंभर किलो धान १७ टक्के ओलाव्यासह जमा झाले. त्यात पाणी १७ किलो, कोरडा माल ८३ किलो. गोदामात पडून ते १४ टक्क्यांवर आले तर कोरडा माल ८३ किलोच राहतो, पण एकूण वजन साडेशहाण्णव किलोच्या आसपास येते. साडेतीन किलो धान कुणी खाल्ले नाही, चोरले नाही. ते हवेत गेले. आता नकाशात 'धान जमा' आणि 'धान उचल' असे दोन चौकोन काढून मध्ये सरळ बाण ओढला तर हे साडेतीन किलो कुणाच्या तरी नावावर तूट म्हणून चढतात. घट किती धरायची हा संस्था आणि यंत्रणा यांच्यातला जुना वाद आहे. तो सोडवणे या पुस्तकाचे काम नाही. पण वादाचे मूळ मात्र त्या बाणात आहे. बाण म्हणजे काहीच घडत नाही असे नव्हे. बाण म्हणजे वाट पाहणे, आणि वाट पाहण्याला वजन असते, भाडे असते, उंदीर असतात, व्याज असते.

या पुस्तकाचे मर्म मला इथे दिसते. नवखा माणूस नकाशात कामे काढतो. अनुभवी माणूस थांबे काढतो. धान मोजायला लागणारा वेळ मिनिटांत मोजता येतो. मोजण्याआधी रांगेत, मोजल्यानंतर उचलीच्या प्रतीक्षेत, उचल झाल्यावर भरडाईच्या पाळीत जाणारा वेळ दिवसांत आणि आठवड्यांत मोजावा लागतो. हमाल दुप्पट वेगाने राबला तरी चुकारा एक दिवसही आधी येणार नाही, कारण काम हातांत अडलेले नसते, दोन हातांच्या मध्ये अडलेले असते. ही गोष्ट आपल्या कार्यालयांना ठाऊक नव्हती असे नाही. महाराष्ट्रातल्या सरकारी दप्तरात कागद सहा गठ्ठ्यांत लावण्याची पद्धत आहे आणि त्यातल्या एका गठ्ठ्याचे नावच 'प्रतीक्षाधीन प्रकरणे' असे आहे. ज्याने हे नाव ठेवले त्याला थांबणे हीसुद्धा कामाची एक अवस्था आहे हे पुरते कळले होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची मांडणी, कागदांची ठेवण आणि अभिलेखांची व्यवस्था बदलून जे काम केले आणि जे 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर ओळखले गेले, तेही याच समजुतीतून आले होते. तेव्हा ही विद्या परदेशातून संगणकावर बसून आली असे मानायचे कारण नाही. परदेशातून आली आहेत ती चिन्हे.

त्या चिन्हांविषयी थोडे. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९२१ मध्ये अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे कामाच्या पायऱ्या चिन्हांनी मांडण्याची पद्धत ठेवली. पुढे अनेक पद्धती आल्या. २००४ मध्ये बीपीएमएन नावाची चिन्हलिपी आली, तिची दुसरी आवृत्ती २०११ मध्ये निघाली आणि २०१३ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. तिच्यात चिन्हांचे मोठे भांडार आहे. आपल्याला त्यातली मूठभर पुरतात : घटनेसाठी वर्तुळ, कामासाठी गोल कोपऱ्यांचा चौकोन, फाट्यासाठी तिरका चौकोन, वाटेसाठी बाण आणि कुणाचे काम ते दाखवायला आडवे पट्टे. मसाल्याच्या डब्यात सात वाट्या असल्या म्हणून प्रत्येक भाजीत सातही घालत नाहीत.

आडव्या पट्ट्यांवर मात्र अधिक बोलायला हवे, कारण सगळे शहाणपण तिथेच लागते. प्रत्येक पट्टा एका भूमिकेचा : शेतकरी, ग्रेडर, संस्थेचा सचिव, जिल्हा कार्यालय, मिल, बँक. माणसाचे नाव लिहायचे नाही, भूमिका लिहायची. सचिव बदलला तरी नकाशा टिकला पाहिजे. आणि प्रत्येक काम कुठल्या तरी एकाच पट्ट्यात पडले पाहिजे. जे काम कुठल्याच पट्ट्यात बसत नाही, ते कुणीच करत नाही. याचा सगळ्यात मोठा धडा आपल्याच जिल्ह्यात पाण्याखाली पडून आहे. पूर्व विदर्भातले तलाव गोंडांच्या राजवटीत कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. नवेगाव बांधच्या संदर्भात कोलू पाटील कोहळी यांचे नाव आजही घेतले जाते. पुढे इंग्रजी अमलात हे तलाव मालगुजारांकडे आले आणि 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे नाव त्यांना मालगुजारी गेल्यावर मिळाले. तलावाची मालकी कुणाचीही असो, कामे ठरलेली होती : पाळीची डागडुजी, पाट साफ करणे, गाळ काढणे, आणि पाणकराने बांधीबांधीला पाणी वाटणे. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि तिथल्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. मालकीचा पट्टा एका रेषेने बदलला. पण त्या पट्ट्यात बसणारी छोटी छोटी कामे नव्या पट्ट्यात कुणी एकेक करून नेऊन बसवली नाहीत. गाळ काढायचा कुणी, पाट उकरायचा कुणी, पाणकराला धान द्यायचे कुणी? तलाव उथळ होत गेले. मालगुजारीच चांगली होती असे मी म्हणत नाही. ती गेली हे योग्यच झाले. पण व्यवस्था बदलताना आधी जुन्या कामांचा नकाशा काढावा आणि प्रत्येक चौकोनाला नवा धनी मिळाला की नाही ते बोटाने मोजावे, ही गोष्ट या तलावांइतकी स्पष्ट दुसऱ्या कुणी सांगितलेली नाही. आज कागदावरचे काम पोर्टलवर नेताना आपण नेमकी तीच चूक करत नाही ना, हे वाचकाने स्वतःला विचारावे.

आता काही बारीक पण मोलाचे नियम. मेंडलिंग, रायर्स आणि व्हॅन डर आल्स्ट या तीन अभ्यासकांनी २०१० मध्ये असे सात नियम मांडले आणि ते या विषयात आजही आधाराला घेतले जातात. चिन्हे कमीत कमी वापरा. एका चौकोनातून फुटणाऱ्या वाटा कमी ठेवा. सुरुवात एक, शेवट एक. फाटा फुटला तर तो पुढे नीट मिटवा. 'हे किंवा ते किंवा दोन्ही' असा संदिग्ध फाटा टाळा. कामाचे नाव कर्म आणि क्रियापदाने लिहा. आणि नकाशात पन्नासहून अधिक चिन्हे झाली तर त्याचे तुकडे करा.

हे नियम मराठीत आणताना दोन गोष्टी मला जाणवल्या. कामाला नाव देण्याचा नियम आपल्याला अवघड जातो, कारण कार्यालयीन मराठी क्रियापद टाळते. आपण लिहितो 'पडताळणी प्रक्रिया', 'मोजमाप कार्यवाही'. कुणी काय पडताळले ते कळत नाही. 'ग्रेडर ओलावा मोजतो', 'सचिव पावती देतो', 'मिल धान उचलते' असे लिहिले की नकाशा बोलू लागतो आणि लिहिणाऱ्याला कर्ता लपवता येत नाही. चौकोनात 'करण्यात येते' हे शब्द आले की समजावे, करणारा सापडलेला नाही. आणि तुकडे करण्याचा नियम हा नुसता सोयीचा नाही. भिंतीएवढा नकाशा पाहून साहेब खूश होतात, वाचत कुणी नाही. एका पानावर बांधीपासून चुकाऱ्यापर्यंत दहा-बारा चौकोन असावेत. त्यातल्या 'भरडाई' या चौकोनाचे स्वतंत्र पान असावे. त्या पानावर मग शंभर किलो धानाचे ६७ किलो तांदूळ सरकारला द्यायचे हे गणित येईल आणि उरलेल्या ३३ किलोंचे, म्हणजे कोंढा, तूस, कनकी यांचे काय होते हेही येईल. नकाशात जेवढे आत येते तेवढ्याचा हिशेब बाहेर लागला पाहिजे. न लागला तर नकाशा अपुरा आहे, किंवा हिशेब.

घटनांच्या चिन्हासाठी पुस्तकात तेंदूच्या फडाचे उदाहरण घेतले आहे, ते मला फार आवडले. वनहक्क कायद्यानंतर देवरी, सडक अर्जुनी या भागातल्या ग्रामसभा तेंदूपाने स्वतः विकू लागल्या आणि पूर्वी ठेकेदाराच्या डोक्यात असलेला सगळा व्यवहार त्यांना वहीत उतरवावा लागला. सत्तर पानांचा पुडा, फडावर मोजणी, वाळवण, पलटाई, बोऱ्यात भरणे. इथे एक घटना बाहेरून येते आणि कुणाला विचारून येत नाही : पाऊस. पुडे उघड्यावर वाळत असताना तो आला तर पुढचे सगळे चौकोन बदलतात. कामाच्या नकाशात आपल्या हाती नसलेल्या गोष्टींनाही जागा असते, हे शहरी उदाहरणांतून इतक्या चटकन समजत नाही.

एक इशाराही द्यायला हवा. नकाशा काढायला गेलेल्या माणसाकडे लोक संशयाने पाहतात, आणि ते चूक नाही. कुठे उशीर होतो हे विचारणारा माणूस कुणामुळे उशीर होतो हे शोधायला आला असावा, असा आपला आजवरचा अनुभव आहे. मी स्वतः एका कार्यालयात असा नकाशा काढला होता. वरच्यांनी तो पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "या टेबलावर कोण बसतं?" त्या दिवसानंतर त्या कार्यालयात मला कुणी खरे सांगितले नाही. म्हणून आधीच ठरवून घ्या, आणि ते सगळ्यांदेखत बोला, की नकाशावरून कुणाला नोटीस निघणार नाही. तयार झालेला नकाशा पहिल्यांदा हमालाला, ग्रेडरला, सचिवाला वाचून दाखवा. तो म्हणाला, "असं नसतंय जी, आधी बारदाना येते मग काटा लागते," तर त्याचे ऐका. बारदाना नाही म्हणून काटा बंद, ही गोष्ट परिपत्रकात सापडायची नाही. आणि नकाशावर तारीख व हंगाम लिहा. गेल्या खरिपाचा नकाशा या उन्हाळी हंगामात खोटा ठरू शकतो; तारीख नसलेला नकाशा कुणाची तरी दिशाभूल करतोच.

पुस्तक वाचायची पद्धतही सांगतो. ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचून बाजूला ठेवायचे पुस्तक नाही. पहिली दोन प्रकरणे वाचा, मग एक कोरा कागद, शिसपेन्सिल आणि खोडरबर घ्या. संगणक नंतर. सॉफ्टवेअरमध्ये काढलेला नकाशा पहिल्याच दिवशी इतका नीटनेटका दिसतो की खोडायला हात धजत नाही, आणि या कामात खोडण्यावाचून गत नाही. पंधरा दिवसांनी तिसरे प्रकरण उघडा. तोवर तुमच्या कागदावर पुस्तकात नसलेली एखादी वाट नक्की आलेली असेल.

आणि एक विनंती. येत्या हंगामात तुमच्या केंद्रावरचे एकच पोते निवडा. त्याच्यावर खडूने खूण करा. ते काट्यावर कधी चढले, गोदामात किती दिवस राहिले, कधी उचलले गेले, त्याचा कागद त्या वेळी कुठे होता आणि त्याचा पैसा कोणत्या तारखेला कुणाच्या खात्यात पडला, एवढेच वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी कुणी विचारले, "चुकारे आले का?", तर त्याला वर बोट दाखवू नका. वही उघडा आणि त्याचे काम आज नेमके कुठे थांबले आहे, ते दाखवा.